उष्टी हवा

माझा भाचा पुण्यात नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत बसतो. तिकडे शब्द हाच आहे, बसतो. एमपीएससी करणाऱ्या पोरांना कुठे शिकतोस असं कुणी विचारत नाही, कुठे बसतोस असं विचारतात. गेल्या थंडीत त्याला तीन महिन्यांत तिसऱ्यांदा ताप-खोकला झाला. फोनवर म्हणाला, "मामा, आमच्याकडे एकाला झालं की रांगच लागते. एसीखालच्या लाइनीपासून सुरू होतं आणि दाराशी येऊन संपतं."

मी तीस वर्षं एअर कंडिशनिंगची कामं केली. आधी दुसऱ्याकडे नोकरीला होतो, मग स्वतःचा छोटा धंदा. आता धंदा मुलाकडे आहे आणि माझ्याकडे वेळ आहे. म्हणून कार्बन डायऑक्साइड मोजायचं खिशात मावणारं मीटर घेतलं आणि त्याची अभ्यासिका बघायला गेलो.

दुसरा मजला. दोन फ्लॅट मधली भिंत पाडून एक केलेले. प्लायवूडच्या कप्प्यांत चौसष्ट खुर्च्या, प्रत्येक कप्प्यात एक ट्यूबलाइट, एक सॉकेट आणि भिंतीला डकवलेलं वेळापत्रक. खिडक्या चार, पण चारही आतून थर्माकोल लावून बंद केलेल्या. दारावर पाटी: बोलू नये, खाऊ नये, मोबाइल सायलेंटवर ठेवावा. दोन स्प्लिट एसी घुमत होते, ओल्या टॉवेलचा आणि बामचा मिळून एक वास होता, आणि दर मिनिटाला कुठल्या ना कुठल्या कप्प्यातून खोकल्याची उबळ ऐकू येत होती. खाली रस्त्यावर मीटरने ४३० दाखवलं होतं. आत दहा मिनिटं ठेवल्यावर २,४०० दाखवलं.

चालवणाऱ्याला आकडा दाखवला. तो भला माणूस होता, उडवून लावलं नाही. म्हणाला, "काका, खिडकी उघडली की धूळ येते, रिक्षांचा आवाज येतो. आणि एसीचे मी महिन्याला जादा पैसे घेतो. खिडकी उघडी दिसली तर हीच पोरं माझ्याशी भांडतील." खोटं काहीच बोलत नव्हता.

हा २,४०० आकडा म्हणजे काय, ते सांगतो. बाहेरच्या मोकळ्या हवेत दहा लाख भागांत साधारण ४२० भाग कार्बन डायऑक्साइड असतो. आपण जी हवा उच्छ्वासातून बाहेर टाकतो तिच्यात तो चाळीस हजारांच्या आसपास असतो. बंद खोलीत हा वायू दुसरीकडून येत नाही, गॅसची शेगडी वगैरे पेटलेली नसेल तर. तो माणसांच्या नाकातोंडातूनच येतो. म्हणजे खोलीतला आकडा बाहेरच्यापेक्षा दोन हजारांनी वाढलेला असेल तर त्या खोलीतल्या हवेचा विसावा हिस्सा आधी कुणाच्या तरी फुप्फुसात जाऊन आलेला आहे. वीस श्वास घेतले की त्यांतला एक उष्टा. अभ्यासिकेत पोरगं दिवसाला बारा तास बसतं. मिनिटाला पंधरा श्वास धरले तरी रोजचे पाचशेच्या वर उष्टे श्वास होतात.

उष्टं हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. आपल्याकडे उष्ट्याचं केवढं प्रस्थ! तांब्याला ओठ लावायचे नाहीत, वरूनच प्यायचं. आमच्या आजीकडे कुणी ताटातला चमचा भाजीच्या पातेल्यात घातला की ते पातेलं त्या दिवसापुरतं बाद. अभ्यासिकेच्या मेसमध्ये वीसातला एक घास शेजाऱ्याच्या तोंडातून काढून वाढला असता तर पोरांनी मेस पेटवून दिली असती. हवेचं तसं होत असताना मात्र वर एसीचे जादा पैसे भरून ती बसतात, कारण ते दिसत नाही आणि थंडगार लागतं.

श्वासावाटे पसरणाऱ्या विषाणूंपासून स्वतःला आणि शेजाऱ्याला वाचवायचं असेल तर माणसाच्या शिस्तीवर जेवढं बोललो त्याच्या निम्मं तरी खोलीवर बोलायला हवं होतं. ते आपण बोललो नाही, करोना येऊन गेल्यावरही नाही. पिण्याचं पाणी गाळून, क्लोरीन घालून देणं हे पालिकेचं काम आहे हे आपण केव्हाच मान्य केलं. 'ज्याने त्याने आपापलं पाणी उकळावं' एवढ्यावर आपण थांबलो नाही. जिथे लोक तिकीट काढून, फी भरून किंवा पगारासाठी तासन्‌तास एकत्र बसतात, तिथल्या हवेची जबाबदारी मात्र अजून ज्याच्या त्याच्या रुमालावर आहे.

२०२० साली आपण काय काय केलं ते आठवा. भाजी सोड्याच्या पाण्यात बुडवली. दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या. वर्तमानपत्र दोन दिवस उन्हात टाकलं, काहींनी इस्त्री केलं. लिफ्टचं बटण टूथपिकने दाबलं, सोसायटीच्या गेटवर सॅनिटायझरचे बोगदे उभे केले. मार्चच्या अखेरीस बरेलीच्या बसस्टँडवर पायपीट करून आलेल्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशकाचा फवारा मारला. हे सगळं इतकं झटपट जमलं कारण त्यासाठीचं मन आपल्याकडे तयार होतं. विटाळ हा आपल्या हाडीमाशी खिळलेला विचार आहे: रोग वस्तूला चिकटतो, माणसाला चिकटतो, म्हणून वस्तू धुवा आणि माणूस लांब ठेवा. ज्या परिचारिका रात्रपाळी करून येत होत्या त्यांना घरमालकांनी खोल्या सोडायला सांगितल्या. ईशान्येकडच्या मुलांना रस्त्यात हटकलं. उष्ट्याचा शब्द काढताना म्हणूनच मला जरा जपून बोलावं लागतं. या शब्दाने आपल्याकडे माणसांचा छळ झालेला आहे. मला तो माणसांना लावायचा नाही. खोकणारं पोर दोषी नाही. थर्माकोल दोषी आहे.

एकट्या आपल्या विटाळाला बोल लावणंही बरोबर नाही, कारण जगातली मोठी डोकीही याच गल्लीत फिरत होती. जागतिक आरोग्य संघटनेने २८ मार्च २०२० रोजी ठणकावून जाहीर केलं की हा रोग हवेतून पसरत नाही. थेंब उडतात, मीटरभरात खाली पडतात, म्हणून अंतर ठेवा, हात धुवा. त्याच महिन्यात अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाची तालीम झाली होती. आपल्याकडचं भजनी मंडळ डोळ्यापुढे आणा. १० मार्चची संध्याकाळ, ६१ माणसं, अडीच तास गाणं. दाराशी सॅनिटायझर ठेवलेलं, कुणी कुणाला मिठी मारली नाही. त्यांतले ५३ जण आजारी पडले, दोघे गेले. हात धुतलेले होते. हवा सगळ्यांची एकच होती. जुलैमध्ये जगभरच्या २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहिलं की बाबांनो, हवेकडे बघा. संघटनेने ते स्पष्ट शब्दांत मान्य करायला २०२१ उजाडलं.

आपल्या केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने २० मे २०२१ रोजी एक सूचनापत्र काढलं. इतकं साधं आणि शहाणं सरकारी पत्र मी क्वचित पाहिलं आहे. खोलीतला वास जसा दारं-खिडक्या उघडून आणि एक्झॉस्ट लावून पातळ होतो तसाच विषाणूही होतो, आणि बारीक कण दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, असं त्यात लिहिलं होतं. पण दुसरी लाट तोवर ऑक्सिजनच्या रांगा लावून गेली होती. गुढीपाडव्याला, २ एप्रिल २०२२ रोजी, महाराष्ट्रात निर्बंध उठले, मास्क ऐच्छिक झाला, आणि ते पत्र सॅनिटायझरच्या रिकाम्या स्टँडांबरोबर अडगळीत गेलं.

आता माझ्या धंद्याचं थोडं पाप सांगतो. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतो असा निम्म्या लोकांचा समज असतो, कारण एक डबा आत दिसतो आणि एक बाहेर. त्या दोन डब्यांमधून जाते ती तांब्याची नळी, आणि तिच्यातून फिरतो गॅस. हवेचा एक घोटही आत येत नाही. आतलीच हवा वरून ओढून, थंड करून, खाली सोडतात. खिडकीच्या जुन्या एसीला बाहेरची हवा घ्यायची एक छोटी झडप असायची, तीही लोक बंदच ठेवायचे. मोठ्या सेंट्रल प्लँटला मात्र रीतसर 'फ्रेश एअर' असते. डक्टला एक डँपर असतो, तो उघडावा तेवढी बाहेरची हवा आत येते. ती बाहेरची हवा मे महिन्यात चाळीस अंशांची असते आणि ती थंड करायला वीज लागते. मग बिल आलं की मालकाचा फोन यायचा. आमचा माणूस जायचा, फॉल्स सीलिंगवर चढायचा आणि डँपर बंद करून यायचा. पुढच्या महिन्यात बिल कमी. मालक खूश, आम्ही हुशार. असे डँपर मी स्वतः बंद केलेले आहेत. किती, ते मोजले नाहीत. कागदावर, नकाशात, पालिकेला दिलेल्या दाखल्यात फ्रेश एअर होती. वर चढून कुणी बघितलं नाही. मॉलमध्ये, थिएटरात, कॉल सेंटरात दुपारी तीनला जी गुंगी येते तिचं खापर आम्ही जेवणावर फोडत आलो.

हे ज्ञान आपल्याकडे नवीन नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. १८९६ साली मुंबईत मांडवीला प्लेग आला, आणि त्या धक्क्यातून १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला. प्लेग पिसवांनी पसरतो हे कळायला पुढे काही वर्षं गेली, पण चाळींच्या कोंदट खोल्यांत क्षय आणि छातीचे विकार माणसं खातात हे तेव्हाही दिसत होतं. या ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी एका नियमाचा ध्यास घेतला होता: साडेत्रेसष्ट अंशांचा नियम. नाव अवघड असलं तरी हिशेब सोपा आहे. समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून जास्त असू नये, म्हणजे खालून तिच्या माथ्याकडे बघताना नजरेचा कोन साडेत्रेसष्ट अंशांपलीकडे जात नाही. म्हणजे तळमजल्यावरच्या खोलीलाही आकाशाचा एक तुकडा दिसेल, उजेड येईल, हवा खेळेल. दादर-माटुंग्याच्या ट्रस्टने आखलेल्या जुन्या वसाहतींतून एकदा चालत जा. दोन इमारतींमध्ये झाडं मावतात. त्यात सगळं पुण्य होतं असं नाही. ट्रस्टने गरिबांच्या वस्त्या पाडल्या तेवढ्या बांधल्या नाहीत, आणि त्या हवेशीर खोल्या शेवटी मध्यमवर्गाला मिळाल्या. पण कोन बरोबर होता.

आता शंभर वर्षं पुढे, गोवंडीला या. नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत सात-आठ मजली इमारती एकमेकींपासून जागोजागी अवघ्या तीन मीटरवर उभ्या आहेत. ऑरच्या कोनाने बघितलं तर दहा-अकरा मीटर लागले असते. या वसाहतींचा डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने अभ्यास केला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. खालच्या मजल्यांवर, जिथे ऊन आणि वारा पोचत नाही, तिथे क्षयाचे रुग्ण जास्त सापडले. क्षयाचा जंतू विषाणू नाही हे मला माहीत आहे, पण त्याची वाट तीच आहे. २०२२ च्या अखेरीस याच गोवंडीत गोवराची साथ आली आणि मुलं दगावली. तिथे लसीकरणात पडलेल्या खिंडारांचाही मोठा वाटा होता, ते नाकारायचं कारण नाही. पण गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावर दोन तासांपर्यंत विषाणू त्या हवेत राहू शकतो. ज्या खोलीची हवा दोन तासांत बदलतच नाही त्या खोलीत पुढच्या पोराचं काय होईल?

आणि करोनाचा एक आकडा तर प्रत्येक नगररचनाकाराच्या टेबलावर काचेखाली ठेवायला हवा. जुलै २०२० मध्ये पालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मिळून माटुंगा, चेंबूर आणि दहिसर या तीन प्रभागांत रक्ततपासणी केली. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे करोना होऊन गेल्याची खूण, निघाली, इमारतींत १६ टक्के. प्रभाग तेच आणि 'घरी राहा' हा हुकूमही तोच. फरक होता तो खोलीचा आणि सामायिक संडासाचा. दहा बाय बाराच्या खोलीत आठ जणांना 'घरी राहा' सांगणं म्हणजे आठ जणांना एकच श्वास वाटून घ्यायला सांगणं. धारावीत त्या उन्हाळ्यात जे साधलं ते घरात कोंडून साधलं नाही. पालिकेने दारोदार जाऊन संशयित शोधले आणि त्यांना त्या खोलीतून बाहेर काढून शाळांमध्ये, सभागृहांमध्ये जागा दिली, जेवण दिलं. म्हणजे वेगळी हवा दिली.

खिडकी उघडा म्हटलं की चार उत्तरं ठरलेली असतात: धूळ, डास, उकाडा आणि बिल. चारही खरी आहेत. मुंबईत थंडीच्या दिवसांत बाहेरची हवा इतकी धुरकट असते की कुठली हवा बरी हा खरोखर प्रश्न पडतो. जाळी लावली की डास थांबतात, पण वाराही बराच अडतो. यावर माझं धंद्याचं उत्तर असं की हवा आत आणायला खिडकी सताड उघडी ठेवावी लागत नाही. एका टोकाला एक्झॉस्ट पंखा, दुसऱ्या टोकाला आत येणाऱ्या हवेला वाट आणि त्या वाटेवर धुळीचं फिल्टर. माणसामागे सेकंदाला दहा लिटर ताजी हवा द्यावी हा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा हिशेब आहे. आमच्या भाषेत साधारण एकवीस सीएफएम, म्हणजे मिनिटाला एकवीस घनफूट. चौसष्ट माणसांना साडेतेराशे. म्हणजे बारा इंची चांगले दोन, फार तर तीन पंखे. बिल वाढेल, हे मी लपवत नाही. पण पुण्यात वर्षातले बरेच महिने बाहेरची हवा आतल्यापेक्षा गारच असते. तेव्हा एसी बंद करून पंखे चालवले तर बिल उतरेलही. मे महिन्यात मात्र खिसा ढिला करावा लागेल.

दुसरं एक उत्तर जुन्या मंडळींकडून येतं. पूर्वी घरं कशी हवेशीर होती, ओसरी, चौक, झोपाळा! असेल. आमच्या गावच्या घरात माजघराला खिडकीच नव्हती, आणि बाळंतिणीची खोली तर पोतं लावून बंद करत, वर शेगडी आणि धुरी. वारा लागू नये म्हणून. 'वारं लागेल' ही भीती आपल्या घराघरात अजून आहे. आजारी माणसाच्या खोलीची खिडकी आधी लावली जाते. मिरजेजवळ वानलेसवाडीला, पाचगणीला बेल-एअरला क्षयाची आरोग्यधामं होती, तिथे उपचाराचा पहिला भाग मोकळी हवा हाच असायचा. म्हणजे दोन्ही परंपरा आपल्याच. कुठली चालवायची ते आपण ठरवायचं आहे.

मास्क आणि लस यांच्याबद्दल मी थोडक्यात बोलतो, कारण त्यांवर पुष्कळ बोलून झालं आहे. लस घ्यावी. साठीच्या पुढच्यांनी आणि दमा-मधुमेहवाल्यांनी डॉक्टरांना विचारून फ्लूचीही दरवर्षी घ्यावी, मी घेतो. मास्क नाकाला घट्ट बसणारा एन-९५ असेल तर फार उपयोगाचा, हनुवटीवरचा असेल तर दाढीला ऊब देतो. हात धुवावेत, जुलाब-कावीळ त्याने टळतात. खोकला असेल तर घरी राहावं, पण ज्या बाईचा एक खाडा म्हणजे एक दिवसाचा पगार, तिला हे सांगणाऱ्याने आधी तो पगार कापणं थांबवावं. या सगळ्या गोष्टी माणसाने स्वतः करायच्या आहेत आणि त्या त्याने कराव्यात. पण अभ्यासिकेतल्या पोराने मास्क लावून बारा तास बसावं आणि थर्माकोल तसंच राहावं, ही वाटणी मला मान्य नाही.

मला हवी आहे ती एक पाटी. लिफ्टमध्ये शिरलं की समोर पत्रा दिसतो: ८ माणसे, ५४४ किलो. वीस माणसांनी चेंगरून वर जावं असं कुणी म्हणत नाही. लिफ्टचा इन्स्पेक्टर येतो, तपासतो, सही करतो. हॉटेलात अन्न परवाना भिंतीवर लावावा लागतो. मग वर्ग, अभ्यासिका, कोचिंग क्लास, मंगल कार्यालय, बँकेची शाखा, दवाखान्याची वेटिंग रूम यांच्या दारावर एवढंच लिहायला काय हरकत आहे: या खोलीत ताजी हवा इतक्या माणसांपुरती. आणि शेजारी शंभर-दोनशे चौरस इंचांचा एक डिस्प्ले, आत्ताचा आकडा दाखवणारा. हजाराच्या खाली असेल तर बसा. दीड हजाराच्या वर गेला तर मालकाला विचारा. जपानात हे स्वप्न नाही. तिथे १९७० च्या कायद्याने मोठ्या इमारतींत कार्बन डायऑक्साइड हजाराच्या आत ठेवावा लागतो आणि ठरावीक मुदतीने मोजावा लागतो. म्हणूनच २०२० साली बंद जागा, गर्दी आणि जवळून बोलणं या तिन्ही गोष्टी टाळा असं त्या सरकारने इतक्या लवकर सांगितलं असावं, असा माझा आपला कयास. हवा मोजायची सवय होती.

आपल्याकडे नियम अगदीच नाहीत असं नाही. राष्ट्रीय इमारत संहिता सांगते की दमट-उष्ण हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश तरी उघडणारी खिडकी हवी, कोरड्या-उष्ण हवामानात एक दशांश. नकाशा पास होताना ती खिडकी असते. भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत असते. त्यानंतर तिच्यावर थर्माकोल बसतं, तिच्या बाल्कनीत आउटडोअर युनिट बसतं, आणि संहिता तिथून पुढे बघत नाही. नियम खिडकीचा आहे, हवेचा नाही. २०२५ च्या जूनमध्ये मुंब्र्याला लोकलमधून माणसं पडली, तेव्हा साध्या लोकलनाही बंद होणारी दारं लावायचं ठरलं. त्या घोषणेत दाराला हवेच्या फटी आणि छतावर हवा खेळवणारी यंत्रणा या दोन गोष्टी होत्या, हे वाचून मला बरं वाटलं. कुणाला तरी आठवलं की दार लावलं की श्वासाचं काय. आता ती यंत्रणा बसल्यावर कुणी वर चढून डँपर बंद करू नये, एवढी काळजी कुणीतरी घ्यावी. चढणाऱ्यांची जमात मला ठाऊक आहे.

इन्स्पेक्टर आला म्हणजे चिरीमिरी आली, हा आक्षेप मी स्वतःच घेतो. म्हणून तर डिस्प्ले दाराबाहेर हवा, फायलीत नको. दाखला विकत मिळतो. चौसष्ट पोरांच्या डोळ्यांसमोर फिरणारा आकडा विकत घेणं जरा कठीण जातं. हजार-बाराशेला मिळणारी काही यंत्रं नुसता अंदाज दाखवतात, हेही सांगून ठेवतो. खोक्यावर एनडीआयआर, म्हणजे अवरक्त किरणांनी वायू खरोखर मोजणारं, असं लिहिलेलं असेल तरच घ्यावं, आणि घेतल्यावर एकदा गच्चीत नेऊन चारशे-सव्वाचारशेला येतं का बघावं.

अभ्यासिकेचं पुढे असं झालं. मी आणि मुलाकडचा एक पोरगा रविवारी गेलो, एका खिडकीचं थर्माकोल काढून तिथे दोन पंखे बसवले, समोरच्या खिडकीला फिल्टर लावून हवेला वाट ठेवली. सामानाचे पैसे चालवणाऱ्याने दिले, मजुरी आम्ही घेतली नाही. सोमवारी अकराला आकडा १,१०० होता. पंख्याशेजारच्या दोघांनी आवाजाची तक्रार केली, त्यांना दुसऱ्या लाइनीत जागा दिली. बामचा वास गेला. मीटर मी भाच्याकडेच ठेवून आलो.

आठवड्याने रात्री पावणेबाराला त्याचा मेसेज आला. फोटोत कप्प्याची कड, चहाचा कागदी कप आणि त्याला टेकवलेलं मीटर. खाली लिहिलं होतं, "मामा, दहानंतर पंखे बंद करतात. २,१५०."